हातचा चाकू : मोल पोलादाचे की नावाचे?

चाकू ही वस्तू आपल्याकडे तीन ठिकाणी आढळते. स्वयंपाकघरात, खाटिकाच्या दुकानात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात. चाकू विकत घ्यावा, त्याने कधी कांदासुद्धा चिरू नये, मखमलीच्या पेटीत घालून कपाटात ठेवावा आणि पुढे कधीतरी चढ्या भावाने विकावा, असे कोणी सांगितले तर आपला माणूस हसेल. पण अमेरिकेत आणि युरोपात हा एक स्थिरावलेला धंदा आहे. तेथे हाताने घडविलेल्या, नक्षीदार मुठीच्या चाकूंचे मेळे भरतात, लिलाव होतात, त्यावर ग्रंथ निघतात. नामांकित कारीगराच्या एका शिकारी चाकूला दहा हजार डॉलरहूनही अधिक किंमत मिळालेली आहे.

आमचा धंदा कापडाचा. लोखंडाशी आमचा संबंध कात्री आणि गजापुरता. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण हाताने केलेल्या मालाचे दुखणे सगळ्या धंद्यांत एकच आहे. यंत्राचा माल स्वस्त, हाताचा माल महाग, आणि गिऱ्हाईक विचारते, जास्त पैसे कशाबद्दल द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर चाकूवाल्यांनी ज्या रीतीने दिले, ती रीत आपल्या कारीगरांनी समजून घेण्यासारखी आहे.

धंदा उभा कसा राहिला

कारखान्यातला चाकू आल्यावर हातचा चाकू अमेरिकेतही जवळजवळ संपला होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे रँडॉल नावाच्या गृहस्थांनी हाताने चाकू घडविणे सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी ते नावाजले आणि मागणी इतकी वाढली की गिऱ्हाइकाला ताटकळत बसावे लागू लागले.

१९५३ साली बॉब लव्हलेस नावाचा एक तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात रँडॉलचा चाकू घ्यायला गेला. नऊ महिने थांबा, असे त्याला सांगण्यात आले. थांबण्याऐवजी त्याने भंगारातल्या जुन्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगची पट्टी मिळवली आणि त्यातून स्वतःच चाकू केला. पुढे त्याच दुकानात त्याचे चाकू विक्रीला लागले. टोकाकडे पाठ किंचित उतरती असलेले त्याचे पाते आज जगभर शिकारी चाकूचा नमुना मानले जाते. लव्हलेस २०१० साली वारले. आज त्यांच्या हातचे चाकू संग्राहक शोधत फिरतात.

१९७० साली या कारीगरांनी आपला एक संघ स्थापन केला. त्यामुळे मेळे भरू लागले, आणि कारीगर व गिऱ्हाईक मधल्या दलालाशिवाय समोरासमोर आले. १९७३ साली याच संघाच्या मेळ्यात बिल मोरन या लोहाराने पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली ‘दमास्कस’ पाती मांडली. ही विद्या लोक विसरत चालले होते. तिथून भट्टी आणि ऐरणीच्या कामाला पुन्हा दिवस आले. १९७६ साली मोरन आणि त्यांच्या सोबत्यांनी पाते घडविणाऱ्या लोहारांची वेगळी संस्था काढली. या संस्थेच्या परीक्षेविषयी पुढे सांगू.

पाते कसे बनते

पाते करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पोलादाची तयार पट्टी घेतात, आकार कापतात आणि सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्यावर घासून पाते काढतात. लव्हलेस यांची रीत मुख्यत्वे हीच. दुसऱ्या रीतीत पोलाद भट्टीत लाल करून हातोड्याने घडवतात. दोन्ही रीतींत खरा कस लागतो तो पाणी देण्यात. पाते ठरावीक तापमानापर्यंत तापवून तेलात किंवा हवेत झटकन थंड केले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. हे साधले नाही तर वरची सगळी नक्षी फुकट. सुताचा पीळ चुकला तर रंग कितीही उत्तम द्या, कापड टिकत नाही, तसेच हे.

‘दमास्कस’ या शब्दाचा घोळही येथेच समजून घेऊ. आज बाजारात या नावाने मिळणारे बहुतेक पाते जोडपोलादाचे असते. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून जोडायच्या, दुमडायच्या, पुन्हा जोडायच्या. शेकडो थर झाले की पाते तेजाबात बुडवायचे. एक पोलाद काळे पडते, दुसरे उजळ राहते आणि नक्षी उमटते. जुन्या काळी ज्या तलवारींमुळे दमास्कसचे नाव झाले, त्यांचे पोलाद मात्र वेगळे होते. ते मुशीत वितळवून केलेले असे आणि त्याची नक्षी पोलादाच्या अंगातूनच उठत असे. हे पोलाद आपल्या दख्खनचे होते. तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे त्याचे एक मोठे केंद्र. आमच्या नांदेडच्या सरहद्दीला लागलेल्या या जिल्ह्यातल्या त्या गावी इराणचे व्यापारी माल घ्यायला येत. गाव दख्खनचे, हात दख्खनचे आणि नाव झाले दमास्कसचे. कारण माल जेथे विकला गेला तेथले नाव लागले, जेथे घडला तेथले नाही. हा धडा शेकडो वर्षे जुना आहे.

धातूवरची नक्षी

पाते आणि मूठ जेथे मिळतात तेथे धातूचे एक कडे असते. खोदकाम बहुधा या कड्यावर करतात, कारण पाते वापरात घासले जाते. खोदकाम करणारा कारीगर छोटी, टोकदार, कडक पोलादाची कलम घेतो. कोणी ती हाताने दाबून चालवतो, कोणी छोट्या हातोडीने ठोकतो. गेल्या काही दशकांत हवेच्या दाबावर चालणारी कलमही आली आहे. पण यंत्र फक्त जोर लावते. रेघ कोठे वळायची हे हातच ठरवतो. वेलबुट्टीच्या ज्या वळणदार नक्षीला युरोपात ‘अरबेस्क’ म्हणतात, तिचे नावच ती कोठून आली ते सांगते. इटलीच्या गार्दोने येथील बंदूक-कारीगरांची रीत आणखी नाजूक. ते रेघांऐवजी सुईच्या टोकाएवढे ठिपके देऊन पक्षी-प्राण्यांची चित्रे उठवतात. असे चित्र भिंगातून पाहिले तरच त्याची मेहनत कळते.

सोने बसविण्याचे कामही यात येते. खोल चर खोदायची, तिच्या कडा आतून कापून घ्यायच्या आणि सोन्याची तार ठोकून बसवायची. मग सोने त्या कडांखाली अडकून राहते. आपल्याकडे याला तहनिशान म्हणतात. कोफ्तगारी त्याहून वेगळी. तिच्यात पोलादाच्या पृष्ठभागावर आडव्या-तिरप्या बारीक रेघा मारून तो खरखरीत करतात, त्यावर सोन्या-चांदीची तार दाबून ठोकतात आणि हकिकाच्या दगडाने घोटतात. उदयपूरच्या कोफ्तगारीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरच्या बिदरीकामाला ते त्याआधीच मिळालेले आहे. म्हणजे परदेशी संग्राहक ज्या कामाला एवढे पैसे देतो, ते काम आपल्याला परके नाही.

स्क्रिमशॉ म्हणजे काय

मुठीवरच्या चित्रकामाला स्क्रिमशॉ म्हणतात. हा शब्द देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकन खलाशांचा. न्यू बेडफर्ड, नँटकेट या बंदरांतून निघालेली त्यांची गलबते तीन-तीन, चार-चार वर्षे समुद्रावर असत. शिकार रोज मिळत नसे आणि वेळ जात नसे. तेव्हा खलाशी देवमाशाचा दात घासून गुळगुळीत करीत, शिडे शिवायच्या सुईने त्यावर जहाजाचे, शिकारीचे नाही तर घरच्या माणसांचे चित्र कोरत आणि रेघांत काजळी भरीत. ‘सुसान’ नावाच्या गलबतावर फ्रेडरिक मायरिक या खलाशाने १८२८-२९ साली कोरलेले दात प्रसिद्ध आहेत, कारण त्याने त्यावर आपली सही केली आणि तारीखही घातली. बहुतेक खलाशांनी सही केली नाही. त्यांचे काम उरले, पण नाव उरले नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडी अशा दातांचा संग्रह करीत, त्यामुळे १९६० च्या दशकात या कलेकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले.

आजचा कारीगर हेच काम सूक्ष्मदर्शकाखाली करतो. आधी मुठीची पट्टी आरशासारखी घोटावी लागते. एखादा ओरखडा राहिला तर शाई त्यातही शिरते. मग सुईने हजारो ठिपके टोचायचे, शाई लावायची आणि पुसायची. वरची शाई निघते, ठिपक्यातली राहते. जेथे काळोख हवा तेथे ठिपके दाट, जेथे उजेड हवा तेथे विरळ. हाड वापरायचे असेल तर आणखी एक अडचण. हाडाला बारीक छिद्रे असतात आणि शाई त्यात पसरते. म्हणून ते आधी मेण किंवा वार्निश लावून बंद करावे लागते.

हस्तिदंताचा प्रश्न

या कामाचा जुना आधार म्हणजे देवमाशाचा दात आणि हस्तिदंत. तो आता सुटला आहे. अमेरिकेने १९७२ साली समुद्री सस्तन प्राण्यांना कायद्याचे संरक्षण दिले. १९८९ साली आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. २०१६ साली अमेरिकेने देशातला व्यापारही जवळजवळ बंद केला आणि ब्रिटनचा कायदा २०२२ साली अमलात आला. भारतात वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या होऊन देशी व आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला. आपल्या वाचकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. घरात आजोबांच्या काळची हस्तिदंती मुठीची वस्तू असली तरी ती विकण्याच्या भानगडीत पडू नये.

सांबरशिंगाची कथाही सांगण्यासारखी आहे. भारतातील सांबराचे शिंग आतून भरीव असते. त्यामुळे इंग्लंडच्या शेफील्डपासून अमेरिकेपर्यंत चाकूच्या मुठीसाठी त्याला मोठी मागणी होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात बंद केली. तेव्हापासून बाहेरचे चाकूवाले जुना साठा जपून वापरतात.

मग पर्याय काय? सैबेरिया आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारा, हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या मॅमथ हत्तीचा दात काही कारीगर वापरतात. पण न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनी त्याच्या विक्रीवरही बंधने घातली आहेत. कागदाचे किंवा कापडाचे थर राळेत भिजवून दाबून केलेला ‘मायकार्टा’ हा कृत्रिम पदार्थ बराच चालतो. आणि तिसरा पर्याय म्हणजे हाड व शिंग. उत्तर प्रदेशातील संभल येथे म्हशीच्या शिंगाचे व हाडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि तो माल परदेशी जातो. कायद्याने मोकळा कच्चा माल आणि तयार हात, दोन्ही आपल्याकडे आहेत.

खरे-खोटे कसे ओळखावे

येवल्याच्या पैठणीचा पदर दाखवला की जाणते गिऱ्हाईक तो उलटा करून पाहते. हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी असते, यंत्राच्या कापडाला मागे सुटे धागे दिसतात. चाकूचीही उलटी बाजू असते. ती अशी.

हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. आजच्या हत्तीच्या दातात त्यांचा कोन रुंद, सहसा ११५ अंशांहून जास्त असतो. मॅमथच्या दातात तो अरुंद, ९० अंशांहून कमी असतो. सरकारी तपासनीस हीच खूण पाहतात. हाडावर भिंगातून काळसर ठिपके व बारीक रेघा दिसतात. ती त्याची छिद्रे. प्लॅस्टिकच्या साच्यातून काढलेल्या नकली दातांवर यांपैकी काहीच नसते. उलट एकाच चित्राचे दहा दात मिळतात, आणि तीच त्यांची ओळख. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली खरा दात निळसर पांढरा चमकतो, प्लॅस्टिक बहुधा मंद दिसते.

खोदकाम हाताचे की यंत्राचे, हेही भिंग सांगते. कलमेने कापलेल्या चरीचा तळ चकाकतो आणि रेघ कोठे जाड, कोठे बारीक होत जाते. तेजाबाने खाल्लेल्या चरीचा तळ खरखरीत असतो. लेझरची रेघ सगळीकडे एकसारखी असते. जोडपोलादाची नक्षी पात्याच्या पाठीवरून आणि धारेवरूनही आरपार गेलेली दिसते. नुसती छापलेली नक्षी घासली की जाते.

लेझरचे काम वाईट असते असे नाही. लेझरचे काम हाताचे म्हणून विकणे वाईट.

परीक्षा दोरीची आणि नव्वद अंशांची

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गिऱ्हाइकाचा विश्वास बसला कसा? वर सांगितलेल्या लोहारांच्या संस्थेने १९७६ नंतर एक परीक्षा बांधली. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने लोंबकळणारी एक इंच जाडीची दोरी एका वारात तोडायची. मग त्याच पात्याने इमारतीच्या लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची. त्यानंतरही त्या धारेने हातावरचे केस भादरले गेले पाहिजेत. शेवटी पाते शेगड्यात आवळून ९० अंशांपर्यंत वाकवायचे. ते तुटले तर उमेदवार नापास. हे झाल्यावर पाच चाकू परीक्षकांपुढे मांडायचे आणि त्यांच्या सफाईची तपासणी होते. उत्तीर्ण झालेला कारीगर आपल्या नावासोबत पात्यावर दर्जाची अक्षरे उमटवू शकतो. उस्तादाच्या पदवीसाठी पुढे आणखी कठीण परीक्षा आहे.

गिऱ्हाईक पोलादाची परीक्षा स्वतः करू शकत नाही. ते नाव वाचते, आणि नावामागे परीक्षा उभी असते. त्याशिवाय चाकूसोबत एक कागद दिला जातो. पोलाद कोणते, पाणी कोणी दिले, मूठ कशाची, खोदकाम कोणाचे, स्क्रिमशॉ कोणाचे. पाते करणारा वेगळा, खोदकाम करणारा वेगळा आणि मुठीवर चित्र काढणारा वेगळा असेल तर तिघांचीही नावे येतात.

समजुतीसाठी एक हिशेब मांडू. समजा, एका चाकूवर पात्याचे दहा तास, मुठीचे सहा तास, खोदकामाचे चाळीस तास आणि स्क्रिमशॉचे तीस तास लागले. एकूण शहाऐंशी तास झाले. पोलादाचा तुकडा यात अगदी किरकोळ रकमेचा. म्हणजे गिऱ्हाईक जवळजवळ सगळे पैसे माणसाच्या वेळेचे देते. हे तास कोणाचे, हे सांगितले नाही तर ते देईल कशाला? संग्राहकांत अशी समज आहे की नामांकित कारीगराच्या साध्या चाकूवर कोणा अनोळखी हाताने चित्र काढले तर त्याची किंमत वाढत नाही, उलट उतरते.

आता दुसरी बाजू पाहा. पाकिस्तानातील पंजाबात वझीराबाद हे चाकू-सुऱ्यांचे मोठे केंद्र आहे. तेथली जोडपोलादाची पाती अमेरिकेत भरपूर जातात. नक्षी देखणी, मुठी देखण्या, पण भाव डझनाचा. कारण बऱ्याच मालावर कारीगराचे नाव नसते, पोलाद कोणते ते लिहिलेले नसते आणि पाणी नीट दिले आहे की नाही याची खात्री नसते. त्यात चांगला कारीगरही भरडला जातो. त्याचे उत्तम पाते आणि शेजाऱ्याचे कच्चे पाते एकाच भावाने तोलले जाते. आपल्याकडे कोफ्तगारीत, शिंगकामात, भरतकामात याहून वेगळे काय चालते? मजुरी नगावर, नाव व्यापाऱ्याचे आणि कारीगर अंधारात. आम्ही स्वतः व्यापारी आहोत, म्हणून हे व्यापाऱ्यांनीही ऐकावे असे आम्हाला वाटते. कारीगराचे नाव मालावर आले तर व्यापाऱ्याचा नफा घटत नाही. मालाचा भावच वर जातो.

करण्यासारख्या काही गोष्टी

ज्या बंधूंना या कामात उतरायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, कायदा. आपल्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू, तो घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा कारखान्याच्या कामाचा नसेल तर शस्त्रांत मोडतो. खंजीर आणि तलवार यांचा उल्लेख तर वेगळाच आहे. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. म्हणून आरंभ लहान पात्यापासून, स्वयंपाकाच्या सुरीपासून किंवा अडकित्त्यापासून करावा. कच्छमधील रेहा गावचे चाकू आणि अडकित्ते यासाठीच नावाजलेले आहेत. परदेशी माल पाठवण्यापूर्वी हाड-शिंगाच्या कागदपत्रांची चौकशी जाणकाराकडे करावी.

दुसरी, नाव आणि कागद. प्रत्येक नगावर कारीगराची खूण उमटवावी आणि सोबत साध्या भाषेत माहितीची चिठ्ठी द्यावी. हाड असेल तर हाड लिहावे, लेझर असेल तर लेझर लिहावे.

तिसरी, राखण. साध्या पोलादाचे पाते कातडी म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये. कातडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे पात्यावर गंज चढतो. पाते हलके तेल लावून म्यानाबाहेर ठेवावे. मूठ उन्हापासून व भट्टीच्या आचेपासून दूर ठेवावी, नाही तर हाड तडकते आणि रंगीत शाई उडते. ही माहितीही गिऱ्हाइकाला लिहून द्यावी. माल विकल्यावरही आपण त्याची काळजी करतो, हे त्याला कळले पाहिजे.

चौथी, मुलांची तयारी. वडिलांचा हात मुलाच्या हाती यायला वर्षे लागतात. पण पोलादाची जात, तापमानाची नोंद, इंग्रजीत चार ओळींची माहिती लिहिणे, चांगला फोटो काढणे या गोष्टी शिकलेला मुलगा सहा महिन्यांत करू शकतो. शिकलेली मुले या कामातून बाहेर पडत आहेत, कारण त्यांना त्यात मजुरी दिसते, इज्जत दिसत नाही. पात्यावर वडिलांचे नाव कोरलेले दिसले, तर त्यांचा विचार कदाचित बदलेल.

मायरिकने दातावर सही केली, म्हणून दोनशे वर्षांनी आपण त्याचे नाव घेतो. कोनासमुद्रमच्या लोहारांनी त्याहून मोठे काम केले, पण त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला घेता येत नाही. पुढचा माल बाजारात पाठवताना आपल्या कारीगरांनी आणि व्यापाऱ्यांनी एवढा फरक तरी ध्यानात ठेवावा.